वाढत्या मापाची बोट

हेमचंद्र टिपणिसांनी आयुष्यात एकही वस्तू मापाची आणली नाही. मुलाचा, म्हणजे सोहमचा, शाळेचा पहिला गणवेश आणला तो असा की त्यात अजून एक सोहम मावला असता. बुटांच्या पुढे कापूस कोंबून पोरगं पहिलीत गेलं आणि बूट पायाला यायच्या आत फाटले. घरात माणसं तीन, पण कुकर आणला तो केटरिंगवाल्यांच्या रांगेत बसणारा. तीन माणसांची डाळ त्याच्या तळाशी कुठेतरी शिजायची आणि त्यांची बायको मीनलताई तिला डावाने शोधून काढायच्या. कुणी हसलं तर हेमचंद्र शांतपणे म्हणायचे, जास्त झालं तर चालतं, कमी पडलं तर काय करणार?

याला कारण नव्हतं असं नाही. अंबरनाथच्या एमआयडीसीत रंगाच्या एका कारखान्यात ते खरेदी विभागात लागले, तेव्हा अगदी नवीन असताना एका रसायनाची मागणी त्यांनी बरोबर हिशेबाने केली. पिंपं वाटेत अडकली आणि कारखान्यातली लाइन थांबली. साहेबांनी सगळ्यांसमोर त्यांची अशी काही हजेरी घेतली की त्या दिवशी हेमचंद्रांनी कानाला खडा लावला. त्यानंतर निवृत्तीपर्यंत त्यांच्या स्टोअर्समध्ये काहीही कमी पडलं नाही. कारखान्यात त्यांचा दबदबा झाला, बढत्या मिळाल्या, निरोपाच्या समारंभात याच गुणाचं कौतुक झालं. कारखान्याचा हा नियम त्यांनी घरातही तसाच लावला. घर म्हणजे कारखाना नव्हे, हे त्यांना सांगायला कुणी आलं नाही आणि मीनलताई सांगणाऱ्यांतल्या नव्हत्या.

मीनलताई विजयदुर्गाच्या अलीकडच्या खाडीवरच्या एका गावातल्या. लग्न होऊन अंबरनाथला शिवमंदिराजवळच्या भाड्याच्या दोन खोल्यांत आल्या, तेव्हा हेमचंद्रांनी हौसेने त्यांच्यासाठी चपला आणल्या होत्या. लाल पट्ट्याच्या, छान होत्या. मीनलताईंचा पाय पाच नंबरचा आणि चपला सहा नंबरच्या. नव्या नवरीने दबकत सांगितलं तर हे म्हणाले, "असू दे गं, पाय काय, वाढतो." तेवीस वर्षांच्या बाईचा पाय कुठे वाढतो? पण नवऱ्याने प्रेमाने आणलेली वस्तू बदलून आणा म्हणायचं त्यांच्या जिवावर आलं. चपला निसटू नयेत म्हणून त्या पायाची बोटं आवळून चालायला शिकल्या. पुढे दर वेळी सहाच नंबर येत गेला, कारण हेमचंद्रांना तोच पाठ झाला होता. शेजारच्या बायका म्हणायच्या, मीनलवहिनी किती जपून पावलं टाकतात.

पुढे बदलापुरात खरवईला घेतलेला फ्लॅटही असाच. दोघांना पुरेल असं एक घर त्याच इमारतीत होतं, खिडकीतून डोंगर दिसायचा. हेमचंद्रांनी तीन बेडरूमचा घेतला, रस्त्याच्या बाजूचा, कारण सोहम, सूनबाई प्राची आणि पुढेमागे होणारं नातवंड यांना जागा हवी. सोहम पुण्याला नोकरीला गेला, तिथेच घर घेतलं. नात ओवी वर्षातून दोन खेपा यायची आणि आजीच्याच कुशीत झोपायची. बाकीच्या दोन खोल्या मीनलताई रोज झाडत.

तर अशा माणसाने समुद्रसफरीला जायचं ठरवलं.

बोटीची कल्पना मीनलताईंची. शेजारच्या अंजनीकाकू लेकीकडून परत येताना एक रंगीत माहितीपत्रक घेऊन आल्या होत्या. त्यात एक लहान बोट होती, शे-सव्वाशे माणसांची. मुंबईहून निघायची आणि कोकणकिनाऱ्याने, किनारा धरून गोव्याकडे जायची. वाटेत एकदोन ठिकाणी नांगर टाकून थांबायची. मीनलताईंनी तो कागद फ्रिजवर चुंबकाने लावून ठेवला. लग्नाचा वाढदिवस जवळ आला होता आणि हेमचंद्रांनी स्वतःहून विचारलं होतं, यंदा कुठे जायचं? मीनलताई भाजी निवडता निवडता म्हणाल्या, "त्या लहान बोटीतून म्हणे किनारा सबंध दिसतो. आपण दोघंच जाऊ या का?"

हेमचंद्रांना फार आनंद झाला. बायकोने काही मागितल्याचं त्यांना आठवत नव्हतं. त्यांनी त्याच संध्याकाळी कामाला सुरुवात केली, म्हणजे कारखान्यात करायचे तशी. तीन ठिकाणांहून कोटेशन मागवल्याशिवाय त्यांनी कधी टाचणी घेतली नव्हती, मग बोट कशी घेणार? बदलापुरातलं एक प्रवासाचं ऑफिस झालं, अंबरनाथचं एक झालं आणि शेवटी ते उल्हासनगर कॅम्प एकमध्ये कल्पेशकडे गेले. कल्पेशचे वडील कपड्यांच्या ठोक व्यापारात होते. त्याने त्याच गाळ्यात प्रवासाचं ऑफिस काढलं होतं, त्यामुळे टेबलामागे अजून कापडाचे तागे होते. मराठी, हिंदी आणि सिंधी तो एका श्वासात बोलायचा.

कल्पेशने त्यांना दोन बोटी दाखवल्या. एक ती लहान. दुसरीही गोव्यालाच जाणारी, पण मोठी, म्हणजे केवढी तर खरवईतल्या त्यांच्या सोसायटीसारख्या दहा-बारा सोसायट्या तिच्यात राहायला गेल्या असत्या. पोहण्याचा तलाव, नाटकाचं सभागृह, मुलांसाठी घसरगुंड्या, जेवायला चार-पाच जागा. लहान बोटीत यातलं काही नव्हतं. एक जेवणाची खोली, खुर्च्या टाकलेला डेक आणि समुद्र.

"दोघंच असाल ना साहेब, तर छोटीवाली घ्या," कल्पेश म्हणाला. "बड़ी में आदमी गुम हो जाता है. छोटी में समंदर दिखता है. भाभींना मजा येईल."

हेमचंद्र घरी आले आणि फ्रिजवरच्या कागदासमोर उभे राहिले. लहान बोट कमी पडेल असं त्यांना वाटायला लागलं. काय कमी पडेल ते त्यांना सांगता आलं नसतं. समजा पोट बिघडलं तर? समजा कंटाळा आला तर? आणि मग त्यांच्या मनात आलं की एवढं जायचंच आहे तर सोहम, प्राची आणि ओवीला का घेऊन जाऊ नये. ओवीला घसरगुंड्या आवडतील. मीनलला तर नात म्हणजे जीव की प्राण. ती मागायला संकोचली असेल, दोघंच जाऊ असं उगाच म्हणाली असेल, असंही त्यांनी स्वतःलाच समजावून टाकलं. बायकोच्या मनातलं ते असं नेहमीच स्वतःच ठरवायचे आणि ठरवताना फार प्रेमाने ठरवायचे. तीच तर खरी अडचण होती.

मोठी बोट ठरली. खोली निवडतानाही तेच. कल्पेश म्हणाला, दोघांची लहान खोली घ्या, तिला समुद्राकडे खिडकी आहे, सोहमदादांना बाजूची देतो. हेमचंद्रांना आराखड्यात एक ऐसपैस कुटुंबाची खोली दिसली, पाचही जण एकत्र मावतील अशी, भिंतीत वरचे पलंग मुडपलेले. खिडकी नव्हती. ते म्हणाले, खिडकी काय करायची आहे, बाहेर सगळा समुद्रच आहे. घरी आल्यावर आराखडा टेबलावर पसरून त्यांनी मीनलताईंना ती खोली दाखवली. मीनलताईंनी चष्मा लावून नीट पाहिली आणि विचारलं, ही बोट किनाऱ्याजवळून जाते का. हेमचंद्र तेव्हा पट्टीने पलंगांमधलं अंतर काढत होते. जात असेल की, ते म्हणाले. फ्रिजवरचा कागद त्यानंतर दोन दिवसांनी दिसेनासा झाला.

निघायला आठवडा राहिला असताना पुण्याहून फोन आला. प्राचीच्या ऑफिसात नेमकं काम निघालं होतं आणि सोहम एकटा ओवीला घेऊन यायला तयार नव्हता. बाबा, तुम्ही दोघं मस्त जाऊन या, तो म्हणाला. हेमचंद्र कल्पेशकडे धावले, पण आता खोली बदलून मिळणार नव्हती. मीनलताईंनी ओवीसाठी केलेला चिवडा डब्यातून काढून पुन्हा मोठ्या डब्यात भरला.

बोटीवर पाऊल ठेवलं तेव्हा हेमचंद्र हरखून गेले, हे खोटं कशाला बोलायचं. काचेच्या लिफ्ट, झुंबरं, पायाखाली गालिचे. कुठलीही गोष्ट कमी म्हणून नव्हती. जेवायला गेले तर लग्नाच्या हॉलसारखी रांग आणि पदार्थ इतके की ताट भरेपर्यंत भूक निघून जावी. त्यांची खोली बोटीच्या पार मागच्या टोकाला आणि जेवणाची जागा पुढच्या. मधला बोळ एवढा लांब की त्याचं दुसरं टोक दिसायचं नाही, दोन्ही बाजूंना एकसारखी दारं. मीनलताईंचा उजवा गुडघा आधीपासून कुरकुरत होता. लिफ्टपाशी कायम गर्दी, म्हणून त्या जिन्याने जायच्या, कठड्याला धरून, बोटं आवळून. पहिल्याच संध्याकाळी चहा, जेवण आणि जादूचे प्रयोग पाहून येईतो गुडघा फुगला. खोलीत आल्यावर त्यांनी वरच्या मुडपलेल्या पलंगांकडे बघितलं आणि त्यातला एक खाली ओढून त्यावर पिशव्या ठेवल्या. तेवढाच त्याचा उपयोग झाला.

सकाळी हेमचंद्रांना जाग आली तर खोलीत अंधार आणि शेजारची जागा रिकामी. खिडकी नसल्याने उजाडलं की नाही तेही कळेना. ते कपडे करून बाहेर पडले, दोनदा चुकले, एकदा मुलांच्या घसरगुंड्यांपाशी निघाले आणि शेवटी वरच्या डेकवर मीनलताई सापडल्या. डाव्या बाजूच्या कठड्याला धरून त्या पूर्वेकडे बघत उभ्या होत्या. ऊन नुकतं वर आलं होतं. समोर पाणी आणि धूसर पट्टा, त्यापलीकडे काही नाही.

"काय बघतेस?" हेमचंद्रांनी विचारलं.

मीनलताईंनी सांगितलं, तेही समुद्राकडेच बघत. त्या आठ वर्षांच्या असताना मामाबरोबर मुंबईला आल्या होत्या, किनाऱ्याने जाणाऱ्या आगबोटीतून. होडीतून बोटीवर चढवताना त्यांचे वडील किनाऱ्यावरच उभे राहिले होते, डोक्याला पंचा बांधून. बोट निघाली आणि पहिल्यांदा त्यांना स्वतःचं गाव बाहेरून दिसलं. टेकडी, देवळाचा कळस, माडांमधलं त्यांचं कौलारू घर आणि अंगणात वाळत घातलेलं आईचं हिरवं लुगडं. वडिलांनी पंचा सोडून हलवायला सुरुवात केली आणि दिसेनासे होईपर्यंत हलवत राहिले. एवढंच. त्या आधी किंवा नंतर गाव त्यांनी समुद्रातून कधी पाहिलं नाही. वडील गेले, आई गेली, भावाने घर विकलं, नव्या मालकाने तिथे हॉटेल बांधलं. जमिनीवरून त्या गावात जाण्यासारखं आता काही राहिलं नव्हतं. समुद्रातून एकदा बघावं, टेकडी तर तीच असेल, असं फार वर्षं मनात होतं. उजाडताना बोट तिथून जाणार, हे त्यांनी काल खलाशाला विचारून ठेवलं होतं. त्याने हेही सांगितलं होतं की मॅडम, ये बड़ा शिप है, गहरे पानी में चलता है, किनारा नहीं दिखेगा. तरी त्या आल्या होत्या.

"अगं, मग हे आधी का नाही सांगितलंस?"

"सांगितलं होतं," मीनलताई म्हणाल्या. "लहान बोटीतून किनारा दिसतो, असं म्हटलं होतं. नंतर ही बोट जवळून जाते का, तेही विचारलं. तुम्ही खोली मोजत होता."

त्यांनी हे रागाने म्हटलं नाही. रागावल्या असत्या तर हेमचंद्रांनी काहीतरी उत्तर दिलं असतं, सोहमचं नाव पुढे केलं असतं, ओवीचं केलं असतं. ते बायकोशेजारी कठड्याला धरून उभे राहिले. धूसर पट्ट्याकडे डोळे ताणून बघत राहिले, जणू आता तरी आपल्या डोळ्यांनी तिच्यासाठी काही शोधून द्यावं. काही दिसलं नाही. मागून लाऊडस्पीकरवर नाश्त्याची सूचना झाली आणि लोक रांगेकडे निघाले.

बाकीची सफर मीनलताईंनी बहुतेक खोलीतच काढली, गुडघ्यावर बर्फाची पिशवी ठेवून. हेमचंद्र दोन ताटं घेऊन तो लांब बोळ तुडवायचे. बोळात कुणी ओळखीचं हसलं तर हसायचे. आपण इतकी वर्षं हिला जास्त जास्त देत आलो आणि हिला हवं होतं ते त्या जास्तीत कुठेच नव्हतं, हे त्यांना त्या बोळात कळत गेलं.

परत आल्यावर बदलापूरच्या डॉक्टरांनी गुडघ्याचा फोटो काढला. झीज बरीच होती. चढउतार बंद, पाटावर बसणं बंद. मीनलताईंचं चालणंही त्यांनी बघितलं आणि विचारलं, तुम्ही बोटं अशी का आवळता? सवय आहे, मीनलताई म्हणाल्या. डॉक्टरांनी मऊ तळाच्या, बरोबर मापाच्या चपला घ्यायला सांगितलं. सैल अजिबात नको, त्यांनी बजावलं. हेमचंद्र शेजारच्या खुर्चीत मान खाली घालून बसले होते.

आठवड्याने ते कुणाला न सांगता कल्पेशकडे गेले. लहान बोटीची दोन तिकिटं हवीत म्हणाले, खिडकीची खोली, दोघांची. या खेपेला कोटेशन नको, तू म्हणशील ते. कल्पेशने संगणकात बघितलं, तारीख होती, जागाही होती. मग त्याचे हात थांबले.

"भाभींचा गुडघा कसा आहे आता?"

हेमचंद्रांनी सांगितलं. लहान बोटीला लिफ्ट नसते, कल्पेश म्हणाला. जिने उभे असतात, शिडीसारखे, खोलीतून डेकवर यायलाही तोच जिना. "तेव्हा झालं असतं साहेब. आता मी तिकीट देणार नाही. काही झालं तर मला झोप नाही लागणार."

त्याने त्यांना चहा पाजला. आधीच म्हटलं होतं, असं तो एकदाही म्हणाला नाही, याबद्दल हेमचंद्रांना त्याचे उपकार वाटले. बाहेर पडले तर समोरच चपलांचं दुकान. डॉक्टरांचं सांगणं आठवलं म्हणून आत शिरले. दुकानदाराने विचारलं, लेडीज में कौनसा नंबर? सहा, ते सवयीने म्हणाले. म्हणाले आणि जिभेवर चटका बसल्यासारखे थांबले. सहा कुणाचा? सहा तर त्यांनी ठरवलेला. दुकानदार खोका घेऊन आला तोवर हेमचंद्र पायऱ्या उतरून रस्त्यावर पोचले होते.

दुसऱ्या दिवशी ते मीनलताईंना रिक्षात बसवून त्याच दुकानात घेऊन आले. कशाला एवढी दगदग, तुम्हीच आणायच्या होत्या, असं त्या वाटभर म्हणत होत्या. हेमचंद्रांनी ऐकलं नाही. त्यांच्या डोक्यात एकच होतं, पाच नंबर. या बाईच्या पायात एकदा तरी तिच्या मापाची चप्पल घालायची. बोट गेली, टेकडी गेली, निदान एवढं तरी. दुकानात शिरतानाच त्यांनी सांगून टाकलं, पाच नंबर दाखवा, एकदम मऊ.

दुकानदाराने पाचची जोडी काढून ठेवली. मीनलताईंनी स्टुलावर बसून पाऊल आत सरकवलं. टाच बाहेर राहिली आणि पट्टा बोटांत रुतला. त्यांनी पुन्हा ढकलून बघितलं, नवऱ्याकडे एकदा पाहून जरा जोरानेही ढकललं. दुकानदाराने लाकडी माप आणून त्यांचं पाऊल त्यावर ठेवलं आणि पुढची पट्टी सरकवून टेकवली.

"भाभीजी का तो पूरा छे नंबर है," तो म्हणाला. "उमर के साथ पैर फैलता है."

मीनलताईंनी स्वतःच्या पावलाकडे पाहिलं, जरा नवल वाटल्यासारखं. मग त्या हसल्या आणि हेमचंद्रांना म्हणाल्या, "बघा, शेवटी तुमचंच बरोबर निघालं."

त्यात टोमणा नव्हता. हेमचंद्रांना बरं वाटावं म्हणून त्या तसं बोलल्या होत्या, आयुष्यभर बोलत आल्या तशाच. हेमचंद्रांना दुकानात सगळ्यांसमोर रडू कोसळेल असं वाटलं. ते वळून खोक्यांच्या रांगेकडे बघत राहिले. दुकानदाराने विचारलं, सात का दिखाऊं, ठंडी में मोजे के साथ चलेगा? "नको," ते म्हणाले. "पाय आहे तेवढीच द्या."

दोघं दुकानातून उतरून रिक्षापर्यंत चालत गेले. हेमचंद्रांनी मीनलताईंचा हात धरला होता आणि नजर खाली, त्यांच्या पायांकडे लावली होती. नव्या चपला पायाला अगदी बरोबर बसल्या होत्या, कुठेही सैल नव्हत्या. तरी मीनलताई बोटं आवळूनच चालत होत्या.